पार्किंगची फरशी पावसाळाभर ओली? पाणी नेमकं कुठून येतंय ते आधी शोधा

मृगाचा पाऊस धरला की आमच्याकडं बेळगावात एकाच धाटणीचे फोन सुरू होतात. "पार्किंगमधी पाणी येऊलालंय, जरा येऊन बघून जावा की." शहापूर-वडगाव असो, टिळकवाडी-अनगोळ असो, नाहीतर हिंडलगा-गणेशपूरकडची नवी घरं असोत, तक्रार तीच. घरदुरुस्तीची बारीकसारीक कामं घेत आल्यानं ही ओल इतक्या ठिकाणी बघितलीय की आता शटर वर करताकरताच अर्धा अंदाज येतो. आणि बहुतेक घरांत माझ्या आधी कुणीतरी "केमिकल मारावं लागणार" असं सांगून गेलेलं असतं.

केमिकलची वेळ क्वचित येते. ओल फरशीवर दिसते म्हणून दोषही फरशीतच असतो असं नाही. पाणी गाडीबरोबर येतं, रस्त्यावरून येतं, हवेतून येतं, संपातून (जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीतून) येतं आणि सगळ्यात शेवटी जमिनीतून येतं. शोधही साधारण त्याच क्रमानं घ्यायचा. सुरुवातीच्या कारणांवर शेकड्यांत भागतं, शेवटच्यावर हजारो जातात. इथं लिहिलंय ते जमिनीलगतच्या पार्किंगबद्दल, पोर्चबद्दल आणि शटरच्या गॅरेजबद्दल. तळघराची गोष्ट वेगळी, तिथं पहिल्या दिवसापासून जाणकार माणूस लागतो.

आधी लक्षणं

ओल कुठं आहे यापेक्षा ती कधी येते आणि कुठल्या आकाराची आहे हे जास्त बोलतं.

गाडीखालीच ओल, चाकांच्या जागी चार डाग आणि मध्ये तांबड्या चिखलाचा साका: हे गाडीनं आणलेलं पाणी.

शटरच्या कडेला लांबट पट्टा, आत एक-दोन फुटांपर्यंत, सोबत रस्त्यावरची वाळू आणि पानं: पाणी बाहेरून आत येतंय.

सगळीकडं सारखी, पातळ, हात फिरवला तर बोटं ओली होतील एवढीच ओल, आणि तीही पाऊस थांबून ऊन पडलेल्या दिवशी: फरशीला घाम सुटलाय. हे लोकांना पटत नाही, त्यावर पुढं सविस्तर लिहिलंय.

एकाच कोपऱ्यात किंवा फरशीच्या सांध्यांतून कायम ओल, सुकली की कडेला पांढरी पूड: ही पूड म्हणजे लोणा. पाणी सिमेंटमधून, मातीतून क्षार उचलून वर आणतं आणि उडून जाताना ते मागं ठेवतं. लोणा आहे की बुरशी, हे ओळखायला त्यावर दोन थेंब पाणी टाका. विरघळला तर लोणा.

पावसाशी संबंध नाही, पण आठवड्यातल्या ठरावीक दिवशी ओल: नळाला पाणी येण्याचा वार कोणता, ते बघा.

वास येतोय आणि पाणी काळपट आहे: ड्रेनेजचं पाणी उलटं फिरतंय. इथं पुढच्या तपासण्या वाचत बसू नका, सरळ शेवटच्या भागाकडं जा.

भिंतीला आठ दिवस कॅलेंडर टांगा. ज्या दिवशी ओल दिसली तिथं एक खूण, पाऊस झाला तिथं दुसरी, नळाला पाणी आलं तिथं तिसरी. घरोघरी कालनिर्णय असतंच, तारखेच्या चौकटीत दुधाचा हिशेब मावतो तसं हेही मावतं. आठवडाभरानं तीन खुणा एकमेकींशी कशा जुळतात ते बघितलं की निम्मं काम झालं. कुणीही मेस्त्री आला तरी त्याच्यापुढं हे कॅलेंडर ठेवा. तो पहिल्याच दिवशी हातोडा काढणार नाही.

गाडी बाहेर ठेवून बघा

फुकटातली तपासणी म्हणून ही पहिली. फरशी पुसून कोरडी करा, दोन दिवस गाडी बाहेर लावा. ओल आली नाही, तर विषय संपला.

भर पावसातून आलेली गाडी किती पाणी घेऊन येते याचा अंदाज नसतो. टप, चाकांवरचे मडगार्ड, खालचा पत्रा, सगळीकडून तासभर गळत राहतं. खानापूर किंवा जांबोटीच्या रस्त्यानं येणाऱ्या गाडीच्या मडगार्डात तांबडी माती चिकटलेली असते, ती पाणी धरून ठेवते आणि रात्रभर थेंब थेंब सोडते. माझा भाचा कॅनडात असतो. तिकडं हिवाळ्यात हेच बर्फाचं होतं. चाकांमागं बर्फ गच्च बसतो, गॅरेजच्या उबेत वितळतो, त्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ असतं, आणि ते खारट पाणी दारापाशी साचून परत गोठलं की पाय घसरलाच म्हणून समजा. त्यावर तिथले लोक गाडीखाली कडा उचललेली मोठी चटई अंथरतात. पाणी चटईतच राहतं, नंतर वायपरनं बाहेर ढकलायचं. आपल्याकडं मीठ नाही, बर्फ नाही, पण युक्ती तीच चालते. जाड ताडपत्रीच्या कडांखाली दीड इंची पीव्हीसी पाइप गुंडाळून तिला काठ करा. शटरकडची बाजू तेवढी मोकळी सोडा.

साधं रबरी मॅट मात्र टाकू नका. त्याच्याखाली पाणी अडकतं, सुकत नाही, आणि आठवड्यानं उचललं तर खाली शेवाळ.

एसीचं पाणीही बघा. एसी लावून प्रवास केला की गाडी थांबल्यावर पुढच्या बाजूला स्वच्छ पाणी ठिबकतं, ते ठीक आहे. पण थेंब हिरवट किंवा गुलाबी असेल, बुळबुळीत दिसत असेल आणि वास गोडसर असेल, तर ते रेडिएटरचं कूलंट. त्याला उघडा हात लावू नका. घरात कुत्रं-मांजर असेल तर लगेच पुसा, कारण गोडपणामुळं ती चाटतात आणि ते विष आहे. गाडी मेकॅनिककडं न्या, फरशीचा इथं संबंध नाही.

जाळी उचला

पार्किंगच्या कोपऱ्यात नहाणीची जाळी असते, तीन वर्षांत कुणी उचललेली नसते. उचला. आत पेल्यासारखा भाग असतो, तोही काढा. तांबड्या मातीचा गोळा, पानं, प्लास्टिकचा तुकडा, कधी मुलांचा चेंडू. आपली जांभ्याची माती बारीक आणि चिकट, एकदा ट्रॅपमध्ये बसली की सिमेंटसारखी घट्ट होते. काठीनं टोचत बसण्यापेक्षा ती खरवडून बाहेर काढा, आत ढकलाल तर पुढं पाइपात जाऊन बसेल.

मग बादलीभर पाणी ओता. पंधरा-वीस लिटर पाणी एक-दोन मिनिटांत गडप झालं पाहिजे. थांबून थांबून गेलं किंवा बुडबुडे येऊन वर आलं, तर अडथळा पुढच्या पाइपात आहे. अ‍ॅसिड ओतू नका. मातीवर अ‍ॅसिडचा काही उपयोग होत नाही, उलट कोब्याचं सिमेंट खाल्लं जातं. आणि शेवाळ घालवायला ब्लीचिंग पावडर टाकली असेल, तर त्यावर अ‍ॅसिड चुकूनही नको. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद गॅरेजमध्ये तो छातीत भरतो.

शटर आणि रस्ता

जोराच्या पावसात दहा मिनिटं शटर खाली करून आतून उभे राहा. पाणी येत असेल तर दिसतंच. कुठून ते नीट बघा: मधून, कडेच्या खाचांतून की उंबरठ्याखालून.

पूर्वी रस्ता खाली आणि घर वर असायचं. दर डांबरीकरणाला रस्त्यावर थर चढत गेला, जुना थर खरवडला नाही, आणि आता अनेक जुन्या गल्ल्यांत रस्ताच पार्किंगपेक्षा वर आहे. अशा ठिकाणी आतल्या फरशीवर कितीही पैसे घाला, पाणी उतारानं येणारच.

सोपा उपाय: शटरच्या खालच्या पट्टीला रबर लावून घ्या. हार्डवेअरच्या दुकानात फुटावर मिळतं. त्यानं शिंतोडे आणि थोडकं वाहतं पाणी थांबतं. त्यानं भागलं नाही तर शटरच्या रेषेत दीड-दोन इंच उंचीचा, दोन्ही बाजूंना उतरता उंबरठा. गाडीचा खालचा भाग घासणार नाही याची आधी खात्री करा, फळी टाकून गाडी एकदा नेऊन बघा. तेही पुरत नसेल तर शटरच्या बाहेर आडवी चर, चार-सहा इंच रुंद, वर लोखंडी जाळी, आणि तिचं तोंड रस्त्याच्या कडेच्या गटारात.

पाणी कुठं सोडायचं, यावर शेजारधर्म टिकतो किंवा मोडतो. शेजाऱ्याच्या दाराकडं उतार देऊ नका. आणि पावसाचं पाणी यूजीडीच्या, म्हणजे जमिनीखालच्या मैल्याच्या गटाराच्या, चेंबरमध्ये सोडू नका. मैल्याच्या पाइपाचा आकार पावसाच्या पाण्यासाठी धरलेला नसतो. तुम्ही सोडलेलं पाणी तुमच्याच संडासातून नाहीतर खालच्या आळीतल्या कुणाच्या तरी न्हाणीतून वर येतं. "सगळेच सोडतात की" हे उत्तर मला दर पावसाळ्यात मिळतं, आणि तक्रारही त्याच गल्लीतून येते.

वरून येणारं पाणी

स्लॅबवरच्या पाण्याचा हिशेब एकदा करून बघा. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर एक इंच पाऊस पडला तर दोन हजार तीनशे लिटरांच्या वर पाणी होतं. ते सगळं दोन पाइपांतून खाली येतं. पाइपाचं तोंड पार्किंगच्या भिंतीलगत मातीत सोडलेलं असेल, तर भिंतीच्या पायाशी तुम्ही रोज एक टँकर रिकामा करताय असं समजा. मग आतल्या कोपऱ्यात ओल आली तर नवल काय? तोंडाला एक एल्बो आणि पाच-सहा फूट पाइप जोडून पाणी लांब न्या. एवढ्याच कामानं ओल गेलेली घरं भरपूर आहेत, आणि त्यातली निम्मी वॉटरप्रूफिंगचं कोटेशन हातात घेऊन बसली होती.

छज्जाच्या खालच्या बाजूला, कडेपासून इंचभर आत एक खाच असते. पाणी तिथं तुटून खाली पडावं म्हणून. रंगाऱ्यानं पुट्टी भरून ती बुजवलेली असते. मग पाणी छज्जाच्या पोटाला चिकटून भिंतीपर्यंत येतं आणि भिंतीवरून फरशीवर. खाच मोकळी करा, किंवा अ‍ॅल्युमिनियमची छोटी पट्टी चिकटवा. पत्र्याच्या शेडला पन्हळ नसेल तर पागोळ्यांचं पाणी जिथं पडतं तिथली जमीन बघा. खड्डे पडलेले दिसतील, आणि तिथून उडालेले शिंतोडे भिंतीवर फूटभर उंचीपर्यंत तांबडे झालेले असतील.

फरशीला घाम

आता मघाचं न पटणारं कारण. सात-आठ दिवस सलग पाऊस, गारवा, ऊन नाही. म्हातारा पाऊस किंवा आश्लेषा म्हणा. जमीन गार पडते, तिला चिकटलेली फरशीही गार पडते. मग एक दिवस उघडीप पडते, दुपारी ऊन येतं, बाहेरची हवा तापते पण तिच्यात ओलावा ठासून भरलेला असतो. ती हवा शटरमधून आत आली आणि गार फरशीला लागली की पाणी सुटतं. म्हणून पाऊस थांबल्यावर फरशी ओली. घरमालक म्हणतो, "पाऊस नाही तरी ओल, म्हणजे खालनंच येऊलालंय." वाटणं साहजिक आहे, पण खालून येत नाही. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल, ग्रॅनाइट, पॉलिश केलेला कडप्पा यांवर घाम जास्त दिसतो, कारण त्या पाणी पीत नाहीत. खरखरीत कोबा तेवढंच पाणी शोषून घेतो आणि फक्त काळसर दिसतो.

खात्री करायला पन्नास रुपयांत होणारी एक तपासणी आहे, आणि माझ्या मते यातली हीच सगळ्यात मोलाची. जाड पारदर्शक प्लास्टिकचा दीड-दोन फूट चौरस तुकडा घ्या. फरशी पुसा, पंख्याखाली सुकवा. कडेची जागा हेअर ड्रायरनं खडखडीत करा, नाहीतर टेप चिकटत नाही. मग प्लास्टिक सपाट ठेवून चारही कडा रुंद टेपनं बंद करा, कुठंही हवा जाता कामा नये. टाइल असेल तर तुकड्याच्या मधोमध एखादा सांधा येऊ द्या, कारण खालचं पाणी टाइलमधून नाही, सांध्यातून वर येतं. चोवीस तास हात लावू नका.

दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या वरच्या अंगाला दव आणि खालचं अंग कोरडं असेल, तर घाम. खालच्या अंगाला थेंब आणि फरशी गडद झाली असेल, तर पाणी जमिनीतून येतंय. दोन्हीकडं ओल असेल तर दोन्ही कारणं आहेत, असंही होतं. एकाच जागी समाधान मानू नका. एक तुकडा भिंतीजवळ, एक मधोमध, एक शटरजवळ लावा. भिंतीजवळचाच ओला झाला तर दोष बाहेरच्या पाण्याचा, फरशीभर झाला तर जमिनीचा.

घामावर वॉटरप्रूफिंग म्हणजे पैसे पाण्यात, आणि ते पाणीही परत फरशीवरच. हवा हलती ठेवा. उघडीप पडल्यावर पहिले काही तास शटर खाली, आत पंखा सुरू. फरशी जरा तापली, बाहेर वारा सुटला की समोरासमोरची दारं-खिडक्या उघडा. भाताची पोती, खताच्या पिशव्या, सिमेंट थेट फरशीवर रचू नका. पोत्याखाली हवा फिरत नाही आणि तळाचं पोतं आधी कुजतं. चार इंचांच्या लाकडी फळ्यांवर रचा, भिंतीपासून वीतभर लांब.

ढाळ

वरचं सगळं नीट असूनही पाणी मध्येच डबकं करून बसतंय, तर ढाळ चुकलाय. फरशी पूर्ण ओली करा, अर्ध्या तासानं बघा कुठं पाणी उरलंय, तिथं खडूनं गोल काढा. त्यात एक नाणं आडवं ठेवा. नाणं बुडत नसेल तर सोडून द्या, वायपरनं दोन मिनिटांचं काम आहे. बुडत असेल तर दुरुस्ती करा. साचलेलं पाणी आठवडाभर राहिलं तरी डासांची पैदास होते, आणि डेंगीचा डास असल्याच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

पार्किंगला दर दहा फुटांना सव्वा ते दीड इंच ढाळ पुरतो. मोजायला पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकं धरायची, ही गवंड्याची जुनी लेव्हल पाइप अजूनही सगळ्यात बिनचूक. नळीत हवेचा बुडबुडा राहिला नाही एवढंच बघा.

दुरुस्तीत एकच गोष्ट सगळीकडं चुकते. खड्ड्यावर अर्ध्या इंचाचा सिमेंटचा थर थापतात. तो एक उन्हाळा टिकतो, मग चाकाखाली पापुद्र्यासारखा निघतो. जुन्या कोब्यावर नीट टाचे मारून घ्या, धूळ धुवून काढा, सिमेंटची पातळ स्लरी फासा आणि ती ओली असतानाच निदान दीड-दोन इंचांचा नवा थर. आठवडाभर पाणी मारा. एवढी उंची वाढवायला जागा नसेल तर जुना तेवढा भाग फोडून काढावा लागेल. शहाबादी फरशी असेल तर खाली बसलेली फरशी उचलून खाली भर घालून परत बसवता येते, सगळं फोडायची गरज नाही.

संप आणि पाइप

आपल्याकडं बहुतेक घरांत संप पार्किंगखालीच असतो, आणि शंका त्याच्यावर सगळ्यात उशिरा जाते. आधी झाकण उघडून फ्लोट (टाकी भरली की पाणी बंद करणारा गोळा) बघा. नळाला पाणी आल्यावर फ्लोट अडकून पाणी झाकणाच्या फटीतून बाहेर येत असेल, तर दोष तिथंच आहे. पन्नास-शंभर रुपयांच्या वॉशरसाठी लोकांनी फरशी फोडलेली बघितलीय.

मग रात्री संपात येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा, मोटर लावू नका, पाण्याच्या पातळीवर पेन्सिलनं रेघ ओढा. सकाळी बघा. सहा बाय सहाच्या संपात पातळी इंचभर उतरली, तर पंच्याऐंशी लिटर पाणी रातोरात जमिनीत गेलं. तेच फरशीखाली फिरतंय.

पावसाळ्यात उलटंही होतं, आणि ते जास्त वाईट. पातळी वाढलेली दिसते. बेळगावात जुलै-ऑगस्टमध्ये जुन्या विहिरी काठोकाठ भरतात, म्हणजे जमिनीतलं पाणी किती वर आलंय ते समजा. संपाला तडा असेल तर ते पाणी आत शिरतं. शेजारी ड्रेनेजचा पाइप असेल तर काय काय शिरत असेल, ते सांगायला नको. पातळी वाढली तर त्या संपातलं पाणी पिणं त्याच दिवशी थांबवा. पिण्यासाठी दुसरीकडून पाणी आणा. संप रिकामा करून, धुऊन, आतून दुरुस्त झाल्याशिवाय वापरू नका. आणि दुरुस्तीसाठी आत उतरायचं काम स्वतः करू नका. बंद टाकीत हवा कमी असते, उतरलेला माणूस आवाज न करता कोसळतो. झाकण बराच वेळ उघडं ठेवून, वर एक माणूस उभा करूनच सराईत माणसानं उतरावं.

संप ठीक असेल तर घरातले सगळे नळ बंद करून मीटरचं चक्र बघा. तरी फिरत असेल तर पाइप कुठंतरी फुटलाय. कुठं, ते शोधायला प्लंबर बोलवा. अंदाजानं टाइल फोडू नका.

जमिनीतून

प्लास्टिकखाली थेंब आले, संप कोरा, पाइप कोरा. मग पाणी जमिनीतूनच आहे. आता जागा कुठली आहे, यावर उपाय ठरतो.

बेळगाव, खानापूर, चंदगडच्या सीमेलगतची गावं, इथं जांभा. चिऱ्याच्या भिंती असोत की खालची जमीन, भोकंच भोकं. पाणी आडवं सहज चालतं. वरच्या अंगाला शेत किंवा टेकडी असेल तर पाणी घराच्या मागच्या बाजूनं येऊन पार्किंगमध्ये निघतं. कणकुंबीकडं, जिथं मलप्रभा उगम पावते, पाऊसच असा की जमीन महिनोन्महिने भिजलेली असते. इथं इलाज फरशीवर नसून बाहेर असतो. घराच्या वरच्या अंगाला पायाच्या पातळीपर्यंत चर खणायची, तळाशी भोकं पाडलेला पाइप, भोवती खडी, वरून कापड आणि माती. पाण्याला भिंतीआधीच वाट द्यायची.

निपाणी, चिकोडी, अथणी, गोकाककडं काळी जमीन. पाऊस तिकडं कमी, पण काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हात आकसते. तिथं पार्किंगची फरशी ओली होण्यापेक्षा उचलली जाते, भेगाळते, मग भेगेतून ओल येते. भेग भरली की पुढच्या वर्षी शेजारी नवी पडते. तिथं काळी माती काढून मुरमाची भर घालून परत पीसीसी (सळ्यांशिवायचं साधं काँक्रीट) करणं हाच मार्ग, आणि ते काम इंजिनिअरला दाखवल्याशिवाय करू नये.

आणि केमिकल? पाणी खालून दाबानं येत असताना वरून रंगासारखा थर मारला, तर पाणी त्याला खालून ढकलतं. दोन महिन्यांत फोड येतात. नवीन फरशी करतानाच सोलिंगवर (खालच्या दगडांच्या थरावर) जाड प्लास्टिक अंथरून वर पीसीसी केली, तर ते प्लास्टिक आयुष्यभर काम करतं. जुन्या घरात फरशी काढायचीच ठरली, तर हे विसरू नका. आणि काम दिवाळीनंतर काढा. भर आर्द्रात मेस्त्री आला तरी सिमेंट ओल्या जमिनीवर काय धरणार.

इथं थांबा आणि माणूस बोलवा

ओल्या फरशीवर उभं राहून शटरला, मोटरला किंवा पाण्याच्या नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर बाकी सगळं सोडा. मेन स्विच कोरड्या जागेवरून बंद करा, मुलांना बाहेर काढा आणि वायरमन बोलवा. मीटरच्या बाहेरच्या बाजूला दोष असेल तर हेस्कॉमला, म्हणजे वीज कंपनीला, कळवा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर तो याच भेटीत बसवून घ्या. इन्व्हर्टरची बॅटरी, गाडी चार्ज करायचा सॉकेट फरशीपासून वर उचलून घ्या. प्लास्टिकची तपासणी त्यानंतर.

काळं, वासाचं पाणी जाळीतून वर येत असेल तर स्वतः उपसू नका, चेंबरमध्ये तर उतरूच नका. महानगरपालिकेच्या ड्रेनेज विभागाला कळवा. आपल्याच पाइपाला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवायचा का, हे प्लंबर सांगेल.

फरशी मधून फुगून वर आली, भिंतीला तिरकी भेग पडली, पेन्सिलीचं टोक जाईल एवढी रुंद झाली, कंपाउंडची भिंत आतल्या बाजूला झुकली: स्ट्रक्चरल इंजिनिअर. गवंडी नाही, वॉटरप्रूफिंगवाला तर नाहीच. भेगेच्या दोन्ही अंगांना पेन्सिलनं खुणा करून तारीख लिहून ठेवा, इंजिनिअर आला की पहिल्यांदा तेच विचारेल. झुकलेल्या भिंतीलगत गाडी लावू नका, ओळंबा लावून बघायच्या फंदातही पडू नका.

कोटेशन घेताना समोरच्याला एकच विचारा: "पाणी कुठून येतंय?" त्यानं हवा, रस्ता, संप, जमीन यांतलं एक ठाम सांगितलं आणि ते कशावरून, हेही दाखवलं, तर पुढं बोला. "ते काय, सगळीकडून येतं, आपण कोटिंग मारून टाकू" म्हणाला तर चहा द्या आणि वाटेला लावा.